आरसी गाडीचा स्पर तिसऱ्यांदा गेला! प्लॅस्टिक, डेलरिन की सरळ स्टील?

खडखड | शनिवार, रात्री 10:40

मंडळी, डोकं फिरलंय. माझ्याकडे रिमोटवर चालणारा (आरसी) 1/10 मापाचा टू-व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक आहे. घेतला तेव्हा ब्रशवाली 540 मोटर होती, दोन वर्षं कसलीही कटकट नाही. दिवाळीत बोनस हातात आला आणि अक्कल गहाण पडली. 3300 केव्हीची (म्हणजे व्होल्टमागे 3300 आरपीएम) ब्रशलेस मोटर टाकली, बॅटरी टू-एसवरून (दोन सेल) थ्री-एसवर (तीन सेल) नेली. तेव्हापासून गाडी स्पर गिअर खातेय. तीन महिन्यांत तीन.

सगळं 48 पिचचं, म्हणजे व्यासाच्या इंचामागे 48 दाते. पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) 18 दात्यांचा, स्टीलचा. स्पर (पिनियनने फिरणारा मोठा गिअर) 86 चा, काळ्या प्लॅस्टिकचा. दर वेळी तोच क्रम: उडी मारून खाली आली की एक बारीक शिट्टी, मग टर्रर्र, मग मोटर एकटीच किंचाळते आणि गाडी जागेवर ढिम्म.

आता सरळ स्टीलचा स्पर मागवावा असं डोक्यात आहे. एकदाच काय तो खर्च. कोणी वापरलाय का? डेलरिन म्हणजे नेमकं काय? चिनी साइटवर 'हार्ड अ‍ॅल्युमिनियम' पण दिसतो, तो कसा?

---

मीच_तो | रात्री 10:52

स्टील टाक रे. विषय संपला.

---

रिकामटेकडी | रात्री 11:05

खुर्ची पकडून बसलेय. आमच्याकडे चिरंजीवांच्या गाडीचं हेच चाललंय, फक्त ती साडेतीन हजाराची आहे आणि तिचे सुटे भाग मिळतच नाहीत.

---

भोसरीकर | रात्री 11:48

खडखड, मागवायच्या आधी तुटलेला स्पर हातात घे आणि उजेडात नीट बघून तीन गोष्टी सांग. दाते एकाच ठिकाणचे गेलेत की गोल सगळीकडचे झिजलेत? गेलेल्या जागी तुटल्याची कड आहे की वितळल्यासारखी? आणि उरलेल्या दात्यांवर चकाकी पूर्ण रुंदीभर आहे की अर्ध्यावरच?

अठरा वर्षं गिअर हॉबिंगच्या (दाते कापायच्या) शॉपमध्ये काढली आहेत. गिऱ्हाईक तुटका गिअर न आणता नुसतं 'मजबूत करून द्या' म्हणतं, तेव्हा मी आधी त्याला तुकडा आणायला परत पाठवतो.

---

खडखड | रविवार, सकाळी 9:15

बघितलं, भिंग लावून. 86 पैकी सलग अकरा दाते साफ गेलेत, मुळासकट खरवडल्यासारखे. तिथे बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं, कडेला प्लॅस्टिकच्या केसासारख्या तारा ओढल्या गेल्यात. बाकी 75 दाते जवळपास नव्यासारखे. आणि हो, चकाकी फक्त बाहेरच्या अर्ध्या भागावर आहे, आतला अर्धा भाग मॅट. हे मी आजवर पाहिलंच नव्हतं.

---

भोसरीकर | सकाळी 11:30

झालं की मग. ही झीज नाही. झिजला असता तर गोल सगळीकडे दाते सुरीसारखे पातळ झाले असते. तुझा स्पर एका जागी थांबला होता आणि पिनियन त्याच्यावर फिरत राहिला, कानस चालवल्यासारखा. मोटरला तर थांबायचं नव्हतं. अकरा दाते एका सेकंदाच्या आत गेले असतील.

हिशोब बघ. थ्री-एस म्हणजे 11.1 व्होल्ट, गुणिले 3300, म्हणजे विनाभार छत्तीस हजारांवर आरपीएम. 48 पिचचा 18 दात्यांचा पिनियन साडेनऊ मिमी व्यासाचा. त्याच्या दात्यांचा वेग सेकंदाला 18 मीटर, ताशी 65 किलोमीटर. गाडी उभी असली तरी दाते त्या वेगाने घासणार. समोर नायलॉन असो की डेलरिन, लोणीच.

आता स्पर थांबला का? उडीत मागची चाकं हवेत फुल्ल फिरतात, जमिनीला टेकली की एकदम अडतात. हा झटका गिळायला स्परच्या मधोमध स्लिपर क्लच (जोर वाढला की घसरणारी जोडणी) दिलेला असतो. तुझा स्लिपर किती टाइट आहे? खरं सांग.

आणि चकाकी अर्ध्यावर आहे म्हणजे पिनियन शाफ्टवर बाहेर सरकून बसलाय. स्परच्या अर्ध्याच रुंदीवर सगळा भार. दात्याची ताकद रुंदीच्या प्रमाणात असते, म्हणजे तू पहिल्या दिवसापासून अर्धा गिअर वापरतोयस.

---

खडखड | सकाळी 11:41

स्लिपर... ब्रशलेस टाकल्यावर चुईंचुईं आवाज करत होता म्हणून नट पार शेवटपर्यंत आवळला होता. 🙈

---

मीच_तो | सकाळी 11:44

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे)

---

ठिणगी | दुपारी 12:20

भोसरीकरांनी कारण सांगितलं, मी मटेरियलचं लिहिते. मटेरियल टेस्टिंग हेच माझं काम आहे, गाड्या नवऱ्याच्या.

काळं प्लॅस्टिक म्हणजे बहुधा नायलॉन, कधी काचतंतू मिसळलेलं. डेलरिन हे ड्यूपाँट कंपनीने दिलेलं नाव, 1960 पासून बाजारात आहे. मूळ पदार्थ अ‍ॅसिटल, पॉम असंही लिहितात. डेलरिन जास्त कडक आणि घसरडं, दाते अचूक निघतात, म्हणून रेसवाले तेच घेतात, चालतंही शांत. नायलॉन जास्त चिवट, आपटलं तर थोडं वाकून परत जागेवर येतं. उष्णतेचं मात्र उलट आहे: डेलरिन 175 अंशांच्या आसपास वितळतं, नायलॉन 66 सुमारे 260 ला. मेश (दोन गिअरचे दाते एकमेकांत किती घट्ट बसलेत ते) चुकीचा असेल तर डेलरिन आधी हात टेकणार.

नायलॉनची गोम म्हणजे ते पाणी पितं. कोरडं असताना ठिसूळ, ओलावा घेतल्यावर चिवट. जुने आरसीवाले नवे नायलॉनचे भाग पाण्यात उकळून घेतात ते उगाच नाही. पण पाणी प्यायलं की फुगतंही. साच्यातून कोरडा निघालेला तुकडा दमट हवेत साधारण अर्धा टक्का वाढतो. तुमचा 86 चा स्पर साडेपंचेचाळीस मिमीचा, म्हणजे त्रिज्येत दहावा हिस्सा मिलिमीटर. आणि मेशमध्ये आपण मोकळीक ठेवतो तीही साधारण तेवढीच! मेमध्ये सीलबंद पाकिटातला नायलॉन स्पर लावून मेश बसवलात तर जुलैत तो अडून बसू शकतो. डेलरिनला ही भानगड जवळपास नाही.

'हार्ड अ‍ॅल्युमिनियम' म्हणजे 7075 या मिश्रधातूवर हार्ड अ‍ॅनोडायझिंग. पिनियनसाठी हलका, दिसायला झकास. पण कडकपणा वरच्या काही मायक्रॉनच्या थरापुरताच. तो थर म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, ज्याचा पॉलिशपेपर बनतो. तो सुटायला लागला की स्वतःच्याच दात्यांना घासतो. आतलं अ‍ॅल्युमिनियम उघडं पडलं की आठवड्यात दाते शार्क माशासारखे होतात. धुळीत चालवणाऱ्याने नादी लागू नये.

---

रिकामटेकडी | दुपारी 12:58

वाखू (वाचनखूण) साठवली. ठिणगीताई, आमच्या साडेतीन हजारीवर 'फुल मेटल गिअर' असं छापलंय आणि तरीही दात पडलेत. तुटलेली बाजू राखाडी, खडीसाखरेसारखी चमचमते. हे कसलं मेटल?

---

ठिणगी | दुपारी 1:10

लोहचुंबक लावून बघा. चिकटला नाही तर जस्ताचा ओतीव मिश्रधातू: वजनाला जड, धक्क्याला ठिसूळ. चिकटला आणि तरी तुटलेली कड दाणेदार दिसली तर लोखंडाची पूड दाबून भाजलेला गिअर. तो जस्तापेक्षा बरा, पण सळईतून कापलेल्या स्टीलची सर त्याला नाही. 'मेटल' एवढंच छापलेलं असलं की ते स्टील नाही असं धरून चालायचं. स्टील असतं तर त्यांनी स्टीलच छापलं असतं.

---

भोसरीकर | दुपारी 1:25

+1. आणि स्टील असलं तरी हार्ड केलंय का, हे बघायला बारीक कानस लावा. कानस घसरली तर हार्ड, चावली तर मऊ.

पिनियन हार्ड स्टीलचाच का, याचं कारणही साधं आहे. खडखडच्या गाडीत पिनियन पावणेपाच वेळा फिरतो तेव्हा स्पर एकदा. पिनियनच्या एकेका दात्याला तेवढा जास्त मार. म्हणून लहान चाक कडक, मोठं चाक मऊ. आमच्याकडे वर्म कडक आणि वर्मव्हील काशाचं करतात, तोच न्याय.

---

समुद्रपक्षी | दुपारी 3:40

रत्नागिरीहून रामराम. पुण्याच्या लोकांना माती आणि खडीचंच कौतुक, वाळू अजून बघितली नाहीये.

भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला वाळू घट्ट असते, तिथे चालवतो. मी स्टीलवर स्टील लावून ठेवलंय कारण वाळूचा कण प्लॅस्टिकच्या दात्यात रुतून बसतो. मग तो स्पर म्हणजे पॉलिशपेपर होतो आणि समोरचा स्टीलचा पिनियन खातो. हो, मऊ गिअर कडक गिअरला खातो, डोळ्यांनी पाहिलंय. पिनियनचे दाते आकड्यासारखे वळले होते.

ग्रीस मात्र उघड्या गिअरला अजिबात लावायचं नाही. एकदा लावलं होतं, दहा मिनिटांत दात्यांवर वाळूचे लाडू. आता चालवून झालं की ब्रशने झाडतो, गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसतो आणि सुकल्यावर तेलाचं बोट. नाहीतर खाऱ्या हवेत रात्रीत तांबूस पडतं.

आवाज? शेजारचे विचारतात, चटणी वाटतोयस का.

---

नानाची_टांग | दुपारी 4:15

चटणीवरून मिक्सर आठवला. जारच्या खाली ते कपलर असतं ना, रबराचं किंवा प्लॅस्टिकचं? आईने एकदा हळकुंडं घातली, कपलरचे दात उडाले. मी हुशारी करून लेथवर अ‍ॅल्युमिनियमचं कपलर करून घेतलं. पुढच्या खेपेला जारचा शाफ्टच पिळवटला, बुश गेला, जार फेकावा लागला. वडील एवढंच म्हणाले, "तीस रुपयांचा भाग वाचवलास."

खडखड, तुझा स्पर हे कपलर आहे.

---

मीच_तो | दुपारी 4:20

मग 1/8 मापाच्या मोठ्या बग्गीला कंपनीच स्टीलचा स्पर का देते? त्यांना अक्कल नाही?

---

भोसरीकर | संध्याकाळी 7:05

रास्त प्रश्न. 1/8 ला मॉड्यूल 1 चे दाते असतात (मॉड्यूल म्हणजे दात्याचं मिमीतलं माप), 48 पिचच्या जवळजवळ दुप्पट मोठे. मोटरचा शाफ्ट 5 मिमी, खडखडच्या मोटरचा 3.17. मध्ये डिफरन्शियल (चाकांत जोर वाटून देणारा गिअरसंच) असतो, पुढची-मागची चाकं झटका वाटून घेतात. पुढचा प्रत्येक भाग त्या झटक्याच्या हिशोबाने जाड केलेला. तिथे स्टील शोभतं. क्रॉलरलाही (दगडांवर हळू चढणाऱ्या गाडीला) शोभतं: वेग कमी, जोर जास्त, उड्या नाहीत. डिफमधले आतले बेव्हल गिअर तर स्टीलचेच हवेत, ते डबीत बंद असतात, तेलात असतात, धूळ येत नाही.

टू-व्हील ड्राइव्ह 1/10 मध्ये फक्त स्पर तेवढा स्टीलचा केला आणि बाकीचं सगळं प्लॅस्टिक ठेवलं तर झटका त्या प्लॅस्टिकला. शिवाय वजन बघ. त्या मापाची नायलॉनची भरीव चकती नऊ ग्रॅम, स्टीलची 64. भोकं पाडून कमी केली तरी प्रमाण तेच, सातपट. मिनिटाला सात हजारांवर फिरणारी.

---

न्यूजर्सीकर | रविवार, रात्री 11:55

इकडून एक वेगळाच धडा. माझ्याकडे टमिया कंपनीची टीटी-02 गाडी आहे, तिला 0.6 मॉड्यूलचे गिअर लागतात (किटमध्ये 22/70, आतला 2.6 धरून एकूण 8.27). मी दुकानातून 48 पिचचा स्टील पिनियन उचलला. शाफ्टवर बसला, हाताने फिरवला तर फिरला. पहिल्याच फेरीत स्परचा भुगा.

25.4 भागिले पिच, की मॉड्यूल निघतो. 48 पिच म्हणजे 0.53. तो 0.6 शी कसा जमणार? 32 पिच म्हणजे 0.79, म्हणून तो 0.8 मॉड्यूलबरोबर लोक खुशाल चालवतात. 48 आणि 0.5 डोळ्यांना सारखे दिसतात, पण तेही जमत नाहीत. मागवण्याआधी एवढा भागाकार कराच. मटेरियलचा वाद नंतर.

---

थ्रीडी_पांडू | सोमवार, सकाळी 10:10

घरीच छापा की राव गिअर! फाइल देतो.

---

ठिणगी | सोमवार, सकाळी 10:32

पीएलए (थ्रीडी छपाईचं नेहमीचं प्लॅस्टिक) साठ अंशांना मऊ पडतो. मोटर सत्तर-ऐंशीला सहज जाते आणि स्पर तिच्या शेजारीच. पांडू, तुमचा गिअर पहिल्या बॅटरीत चुरमुरा होईल. नायलॉन छापता येत असेल तर बोलू, तेही मोठ्या दात्यांचं. 48 पिचचा अख्खा दाता 1.2 मिमी उंच. 0.4 च्या नोझलने त्याचा आकार काय येणार?

---

थ्रीडी_पांडू | सकाळी 10:40

पहिल्या नाही, दुसऱ्या बॅटरीत झाला होता 😄

---

खडखड | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री 9:30

धागा वर काढतोय, शिव्या खायला.

तुमचं सगळं वाचलं, पटलं, आणि तरीही स्टीलचा स्पर मागवला. कारण ऑर्डर आधीच दिली होती. पिनियन आत सरकवून पूर्ण रुंदीवर आणला, ग्रब स्क्रू (पिनियन शाफ्टला पकडतो तो) शाफ्टच्या सपाट भागावर आवळला, निळ्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा डिंक) थेंब दिला. स्लिपरचा नट मात्र होता तसाच, पार आवळलेला. 'स्टील आहे, काय होतंय' म्हणून.

सोसायटीमागच्या प्लॉटवर खडीचा ढीग आहे, तिथून उडी. पहिल्या सहा उड्या मस्त. आवाज असा की दुसऱ्या मजल्यावरचे काका गॅलरीत आले. सातवीला ठक्क. स्पर बघितला, एक चरा नाही. पिनियन ठीक. मोटर फिरतेय, स्परही फिरतोय, चाकं थंड.

गेला तो गिअरबॉक्सच्या आतला आयडलर (मधला जोडगिअर). स्पर बदलायला कव्हरचे दोन स्क्रू आणि स्लिपरचा एक नट. आयडलरसाठी शॉक टॉवर, मागचे आर्म, बंपर, सगळं उतरवलं. डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून रात्री दीड वाजेपर्यंत स्क्रू वाट्यांमध्ये मांडत बसलो होतो. एक स्क्रू अजून सापडलेला नाही. बायको सकाळी म्हणाली, पोह्यात नसला म्हणजे मिळवली.

आयडलरचे तीन दाते तुटलेत, ते वितळलेले नाहीत, कचकन मोडलेत, पांढरी कड आहे.

---

नानाची_टांग | रात्री 9:34

तीस रुपयांचा भाग वाचवलास.

---

भोसरीकर | रात्री 10:15

शिव्या नाहीत, शॉपमध्ये आम्हीपण हेच करून शिकलो. आता आयडलर नवा आलाच आहे तर क्रमाने कर.

डेलरिन नको, नायलॉनचाच स्पर लाव, तुला उड्या मारायच्या आहेत. पिनियन तपास: तीन स्पर खाल्लेला पिनियन आहे. बाइकचं स्प्रॉकेट आकडेबाज झालं की मेकॅनिक नुसती चेन बदलून देत नाही, पूर्ण सेट घ्यायला लावतो, तसंच हे. दाता एका बाजूने खरवडलेला दिसला तर नवा घे, हार्ड स्टीलचा. आणि 18 ऐवजी 17 घेतलास तर मोटर थंड राहील, वेग थोडा जाईल. त्याखाली उगाच जाऊ नकोस, लहान पिनियनचा दाता मुळाशी पोखरलेला निघतो.

मेशला झेरॉक्सच्या कागदाची पट्टी. तो कागद दहावा हिस्सा मिमी जाड असतो, बरोबर हवी तेवढी मोकळीक. पट्टी दोन्हींच्या मध्ये घालून मोटर दाब, स्क्रू आवळ, फिरवून पट्टी बाहेर काढ. घड्या पडलेली पण न फाटलेली निघाली पाहिजे. मग स्पर पाव-पाव फिरवून चार ठिकाणी हलवून बघ, कारण प्लॅस्टिकचा स्पर पूर्ण गोल कधीच नसतो. सगळ्यात घट्ट जागी किंचित खुळखुळ हवी.

आता स्लिपर. नट पूर्ण आवळ आणि सुरुवातीला अर्धा आटा मागे घे. गाडी जमिनीवर ठेवून एकदम थ्रॉटल दे. पहिल्या एक-दोन फुटांत चुईं ऐकू आलं पाहिजे. तो आवाज बंद करायचा नाही.

---

खडखड | पुढच्या रविवारी, संध्याकाळी 6:50

नायलॉन स्पर, 17 चा नवा पिनियन, कागदाची पट्टी (विजेच्या बिलाची, झेरॉक्स सापडला नाही), स्लिपर अर्धा आटा सैल. आज चार बॅटऱ्या, त्याच ढिगावरून. वीसेक उड्या झाल्या असतील. दर उडीला चुईं. स्पर काढून बघितला, चकाकी पूर्ण रुंदीभर, दाते जागेवर. स्लिपर हाताला कोमट लागला, बस.

काका आज गॅलरीत आले नाहीत.

स्टीलचा स्पर पडून आहे, सात उड्या चाललेला, 48 पिच, 86 दाते. कोणाला हवा असेल तर पोस्टाच्या खर्चात.

---

समुद्रपक्षी | संध्याकाळी 7:02

मला. मधलं भोक किती मिमीचं आहे? आणि स्लिपर पॅडसाठी बाजूला खाचा आहेत की गोल भोकं?

---

खडखड | संध्याकाळी 7:20

मोजून सांगतो. व्हर्निअर पोरगा शाळेत विसरून आलाय, उद्या.